शेवटचं कोण?

लेओकादिया आत्याला टोलेडोला घेऊन जायचं म्हणजे काय असतं, हे कासिल्दाला माद्रिदच्या फलाटावरच कळलं. तिकिटं हातात, तिकिटांवर सीटचे नंबर छापलेले, आणि तरी आत्या तरातरा पुढे गेली, गाडीसमोर उभ्या असलेल्या माणसांच्या घोळक्याजवळ थांबली आणि स्पेनमध्ये रांगेत शिरताना विचारतात तसं खणखणीत आवाजात म्हणाली, "शेवटचं कोण?"

टायवाल्या एका माणसानं मुकाट बोट वर केलं.

"बरं. तुमच्या मागे आम्ही."

"आत्या, अगं आपल्या सीट ठरलेल्या आहेत," कासिल्दा दातओठ खात म्हणाली.

"सीट ठरलेली असते. शिस्त ठरलेली नसते, ती पाळावी लागते."

सोमवारी या बाईच्या हृदयाची झडप बदलायची होती, आणि शनिवारी बाईंना आपलं जन्मगाव बघायचं होतं, तेही आरामात, एकेक गल्ली चाखत. डॉक्टर नको म्हणाले, कासिल्दाचे बाबा नको म्हणाले. आत्या म्हणाली, "तुम्ही दोघं नका येऊ मग." शेवटी बाबांनी कासिल्दाला बाजूला घेतलं. म्हणाले, "तुझ्या जिवावर पाठवतोय. जिने चढवू नकोस, उन्हात हिंडवू नकोस, गोड खाऊ देऊ नकोस. संध्याकाळी मला माझी बहीण धडधाकट घरी हवी."

दुपारपर्यंत जिने चढून झाले होते, उन्हात हिंडून झालं होतं आणि बदामाच्या मिठाईचे चार तुकडे आत्याच्या पोटात गेले होते.

पण खरं सांगायचं तर दिवस मजेत चालला होता. सोकोदोवेर चौकात त्यांनी कॉफी घेतली. मग आत्या कॅथेड्रलसमोर उभी राहिली, मान वर करून मनोरा न्याहाळला आणि म्हणाली, "आहे जागेवर," आणि चालू लागली. झालं कॅथेड्रल बघून! पण एका साध्या, रंग उडालेल्या बाल्कनीखाली मात्र बाई दहा मिनिटं उभी. का, ते सांगेना. कासिल्दानं खोदून खोदून विचारलं तर म्हणे, "एक मुलगा होता. गिटार वाजवायचा. वाईट वाजवायचा."

जेवायला दोघी एका लहानशा खानावळीत शिरल्या, टोमॅटो-वाटाण्यातलं डुकराचं मटण आणि पाव खाल्ला, वर थोडी वाइन. मग पावाच्या दुकानात गेल्या. तिथे गिऱ्हाईक एकच, एक आजोबा. तरी आत्यानं विचारलंच, "शेवटचं कोण?"

आजोबांनी इकडेतिकडे बघितलं. "मीच असणार बहुतेक."

बाहेर आल्यावर कासिल्दा हसून हसून वाकली. "आत्या, एकटाच माणूस होता गं! तोच पहिला, तोच शेवटचा."

"हस. हस तू. पण विचारायचं म्हणजे विचारायचं. न विचारता उभं राहिलं की माणूस नुसता लोंबकळतो. ना रांगेत, ना रांगेबाहेर. आणि कोणी विचारलं तर उत्तर द्यायचं. एवढी साधी गोष्ट आहे, तेवढ्यावर हा देश चाललाय."

खरं तर कासिल्दाचंही तेच होतं. दवाखाना, बाजार, बँक, कुठेही पाऊल टाकलं की तिच्या तोंडून ते आपोआप निघायचं. लहानपणापासूनची सवय, शिंकेसारखी. फक्त ती आत्याइतकं मोठ्यानं ओरडायची नाही.

मग ती वेळ आली. माहितीये ना, जेवणानंतरची? सगळं गाव वामकुक्षीला गेलेलं, दुकानांची शटर खाली, खिडक्यांच्या झडपा बंद, आणि ऊन असं पांढरं की भिंतीकडे बघवत नाही. प्रवासीसुद्धा कुठे गडप झाले कोण जाणे. गल्लीत फक्त आत्याच्या सँडलची टकटक. मध्येच ती थांबायची, छातीवर हात ठेवायची आणि म्हणायची, "दगड बघतेय." कासिल्दाला कळत होतं की ती दगड बघत नाहीये.

"पुरे आता. स्टेशनवर जाऊ या, सावलीत बसू."

"एवढं एक. ननांचा मठ आहे इथे खाली. लहानपणी आई मला मिठाई आणायला पाठवायची. भिंतीत लाकडाचं गोल फिरतं कपाट, आपण मागायचं, पलीकडून नन कपाट फिरवते, मिठाई आपल्या पुढ्यात. नन कधी दिसायची नाही, नुसता आवाज."

"आत्या, या वेळेला मठ बंद असतो."

मठ बंद नव्हता. गल्लीच्या टोकाला मोठं लाकडी दार, खिळे ठोकलेलं, आणि ते हातभर उघडं. आत्यानं कासिल्दाकडे असं बघितलं की बघ, मी म्हटलं नव्हतं? आणि शिरली आत. मागोमाग कासिल्दा.

बाहेरच्या उन्हातून आत आल्यावर कसं होतं? डोळ्यांसमोर गच्च काळोख. काहीच दिसेना. थंड विटांचा वास आला, मेणबत्तीचा वास आला, आणि तेवढ्यात आत्यानं सवयीनं, त्या काळोखातच, विचारलं, "शेवटचं कोण?"

मग अगदी जवळून एका बाईचा आवाज आला, "मी."

"बरं. तुमच्या मागे आम्ही."

"दोघी एकत्र, की वेगवेगळ्या?"

"एकत्र, एकत्र," आत्या म्हणाली, आणि चाचपडत दगडी बाकावर टेकली. कासिल्दा तिला खेटून बसली.

हळूहळू कासिल्दाच्या डोळ्यांना दिसायला लागलं. लहानशी खोली. समोरच्या भिंतीत ते फिरतं कपाट, शेजारी एक बुटकं दार. भिंतीला लागून बाक, आणि बाकावर तिघं. उत्तर देणारी बाई वयस्कर, घरच्या गाऊनमध्ये होती, पायात कापडी सपाता, जणू शेजाऱ्याकडून साखर आणायला निघालीय. तिच्या पलीकडे एक तरुण, केस ओलेचिंब, शर्ट अंगाला चिकटलेला. आणि सगळ्यात पुढे, कपाटाजवळ, एक म्हातारा माणूस. बाहेर अंगाची लाही होत होती आणि याच्या अंगावर जाड लोकरीचा कोट, गळ्यापर्यंत बटणं लावलेला.

कोणीच वारा घेत नव्हतं. कोणीच घाम पुसत नव्हतं.

"खूप वेळ लागतो का हो?" कासिल्दानं सपातावाल्या बाईला विचारलं.

"काय माहीत. मी सकाळीच आलेय. कॉफी ठेवली होती गॅसवर." बाई जरा अस्वस्थ झाली. "गॅस बंद केला की नाही, तेच आठवत नाहीये बघा. कप घ्यायला वळले, आणि मग एकदम इथेच."

कासिल्दाला ते जरा विचित्र वाटलं, पण म्हातारपणी होतं असं.

एवढ्यात कपाट करकरत फिरलं. त्यात मिठाई नव्हती. काहीच नव्हतं. आतून आवाज आला, फार गोड, "पुढचे या."

कोटवाला म्हातारा उठला. बुटकं दार उघडलं, आतून तळघरासारखी गार हवा आली. म्हातारा वाकला, आत गेला, दार लागलं. आणि बाकावरची दोघं एकेक जागा पुढे सरकली. आत्याही सरकली. सगळे कसे एकदम, न बोलता.

तेव्हा कासिल्दाच्या लक्षात आलं की आत्याचा चेहरा कागदासारखा पांढरा झालाय.

"काय झालं? छातीत दुखतंय?"

"ते सातुर्निनो काका होते," आत्या पुटपुटली. "आमच्या गल्लीतले. नळ दुरुस्त करायचे."

"मग हाक मारायची होतीस ना!"

"कासिल्दा, मी लहान होते तेव्हा त्यांच्या मातीला गेले होते. हाच कोट घातला होता त्यांना."

कासिल्दानं ओल्या केसांच्या तरुणाकडे बघितलं. त्याच्या बाहीतून थेंब पडत होते, टप टप टप, आणि खाली फरशी कोरडी. खडखडीत कोरडी.

"ऊठ. ऊठ आत्ताच्या आत्ता." तिनं आत्याचा दंड धरला आणि ओढलं. आत्या हलेना. म्हणजे आत्या उठायला बघत होती, हात टेकत होती, पण उठता येईना. जणू सगळा बाकच तिच्या अंगाला शिवलाय.

"असं नाही जाता येत," सपातावाली बाई शांतपणे म्हणाली. "नंबर घेतलाय ना माझ्याकडून? मग मागच्याला देऊन जायचा. कोणी येईल, विचारेल, तुम्ही म्हणायचं मी, की झालं. मग खुशाल जा. रांग अशी अर्धवट टाकून जायची नसते."

"आणि कोणी आलंच नाही तर?"

"तर तुमचा नंबर येईल."

तेवढ्यात दारात सावल्या हलल्या. दोन परदेशी प्रवासी, नवराबायको, गळ्यात कॅमेरे. कासिल्दा ओरडली, "अहो! इकडे! विचारा ना!" त्यांनी आत डोकावलं, चहूकडे बघितलं, त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाले, रिकामं आहे असंच असणार, कारण नवऱ्यानं रिकाम्या बाकाचा फोटो काढला. थेट कासिल्दाच्या तोंडाचा! आणि गेले निघून. विचारायची पद्धतच माहीत नाही ना त्यांना. सुटले बिचारे.

कपाट पुन्हा फिरलं. "पुढचे या." ओला तरुण उठला, गेला. सगळ्या सरकल्या.

आता पुढे फक्त सपातावाली.

आत्या एकदम ताठ झाली. तिनं बाईच्या गुडघ्यावर हात ठेवला. "ऐका हो. मघाशी माझ्या तोंडून चुकून निघालं. ही माझ्याबरोबर नाही. मी एकटी आहे."

"एकत्रच आहोत!" कासिल्दा म्हणाली.

"गप्प बस. एकटी आहे मी."

"एकत्र आहोत. बाबांना शब्द दिलाय मी. तू आत जाणार असशील तर मला घेऊन जा. बघू तुझी हिंमत."

"अगं गाढवे, तुझं वय काय!"

"तुझं काय ते बघ! छातीला हात लावून थांबतेस आणि म्हणे दगड बघतेय!"

"एकदा काय ते ठरवा बाई," सपातावाली कंटाळून म्हणाली. "आतून विचारतात मग."

कासिल्दाला आत्या माहीत होती. हिला भाचीला घेऊन आत जायचं नव्हतं, म्हणजे भाची चिकटून बसली तर ही काहीतरी करेल, कसंही करून उठेल. एवढाच विचार होता तिचा. पण आत्याचे पाय जमिनीवरून इंचभरही सुटत नव्हते आणि तिचा हात गार पडत चालला होता. मग कासिल्दा दाराकडे बघत मनातल्या मनात म्हणायला लागली, कोणीतरी या. कोणीही या. आपल्यातलं कोणीतरी, ज्याला विचारायची सवय आहे असं कोणीतरी, देवा, पाठव.

आणि आलं की!

दार ढकललं गेलं, उन्हाचा झोत आला, आणि एक तरुण बाई आत शिरली. घामानं निथळत, कपाळावर केस चिकटलेले, धापा टाकत. जिवंत! घामाचा वास येत होता तिच्या अंगाला, इतकी जिवंत. तिच्या पुढ्यात बाबागाडी, गाडीत बाळ. काळोखात डोळे बारीक करून ती थांबली, आणि टोलेडोतली कुठलीही बाई म्हणेल तेच म्हणाली, "शेवटचं कोण?"

कपाट करकरायला लागलं होतं. सपातावाली उठायच्या बेतात होती.

कासिल्दाला बाळ दिसलं. स्पष्ट दिसलं. गुबगुबीत पाय, एकाच पायात मोजा. बाळ थेट सपातावालीकडे बघत होतं आणि हसत होतं, आणि सपातावाली बोट हलवून त्याला खेळवत होती. कासिल्दाला हेही कळलं की आता विचारतील, एकत्र की वेगवेगळे, आणि ती आई काय म्हणणार. हे सगळं तिला कळलं, आणि तरी तिचं तोंड उघडलं.

"म—"

फाडकन आत्याचा हात तिच्या तोंडावर बसला. इतका घट्ट की ओठ दातांवर आपटले.

"शेवटचं कोण आहे?" बाईनं पुन्हा विचारलं. "कोणी आहे का?"

आणि लेओकादिया आत्या, जिनं आयुष्यात एकदाही या प्रश्नाला उत्तर द्यायचं चुकवलं नव्हतं, जी तापानं फणफणलेली असतानाही दवाखान्यात बोट वर करायची, ती गप्प बसली. उत्तर अगदी ओठांवर आलेलं दिसत होतं. तिनं खालच्या ओठाची कड दातांत धरली आणि डोळे मिटले.

"कमाल आहे," ती तरुण बाई म्हणाली. "दार उघडं आणि माणूस नाही." तिनं गाडी वळवली. बाळ मान वळवून वळवून बघत राहिलं. दार लागलं.

सपातावाली बाई आत्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, शिसारी होती. एखाद्यानं भर चौकात थुंकावं आणि आपण बघावं तशी.

"विचारलं तिनं. दोनदा विचारलं. आणि तुम्ही गप्प!"

आत्यानं कासिल्दाच्या तोंडावरचा हात तेवढा काढला.

"अहो, विचारल्यावर जो बोलत नाही तो रांगेत नसतोच मुळी," बाई म्हणाली. "म्हणजे मीच शेवटची." आणि तिनं तोंड फिरवलं. "पुढचे या," आतून आवाज आला, बुटकं दार उघडलं, गार हवा आली, आणि बाक रिकामा झाला. एकदम. जणू तिथे कधी कोणी बसलंच नव्हतं. आत्या उभी होती. कशी उठली ते तिलाही कळलं नाही.

बाहेर ऊन तसंच पांढरं. दोन पावलांवर ती तरुण बाई, बाबागाडीचं चाक दगडांच्या फटीत अडकलेलं, ते सोडवत होती. या दोघींना बघून ती दचकलीच.

"अय्या, तुम्ही आतून आलात? आत तर कोणी नव्हतं!"

"मागच्या अंगणात होतो आम्ही," आत्या म्हणाली.

"अच्छा. तरीच. मला वाटलं आतून कोणीतरी बोलायला लागलं आणि थांबलं. म्हणून म्हटलं चाक निघालं की परत जाऊन विचारते. उद्या याचं बारसं आहे हो, चर्चमध्ये, आणि सासूबाईंना इथलीच मिठाई पाहिजे."

आत्यानं बाबागाडीचा दांडा दोन्ही हातांनी धरला. "मिठाई संपली. विचारून झालंय आमचं. चल, मला हा उतार झेपत नाही, तुझ्या गाडीला धरून उतरते."

"पण सासूबाई..."

"सासूबाईंना सांग, एका म्हातारीनं सक्ती केली. माझं नाव लेओकादिया. शिव्या घाला म्हणावं खुशाल."

ती बाई हसली, आणि निघाल्या तिघी. पुढे आत्या आणि ती बाई, मागे कासिल्दा. बाई बडबडत होती, बारशाला कोण येणार, नवरा किती आळशी, बाळाला पायात मोजा कसा टिकतच नाही. आत्या हो-हो करत होती आणि दांडा सोडत नव्हती. मध्ये एकदा बाई म्हणाली, "अहो, माझं घर इकडे वर आहे," तरी सोडला नाही. पार नदीवरच्या पुलापर्यंत तिला खाली आणली, तेव्हा कुठे बोटं सैल केली. सगळ्या वाटेत आत्या एकदाही थांबली नाही की छातीला हात लावला नाही. कासिल्दाला मात्र स्वतःच्या ओठातल्या रक्ताची चव येत होती.

बाई गेली. पुलावर दोघीच राहिल्या. खाली नदी हिरवीगार, आवाज न करता वाहत होती.

"तू बोलणार होतीस," आत्या म्हणाली.

"तुला घरी न्यायचं होतं मला."

"माहितीये."

मग आत्या कठड्याला टेकून म्हणाली, "काळोख होता आत. गाडी दिसली नसेल तुला."

किती सोपं करून दिलं होतं तिनं! नुसती मान हलवायची. पण कासिल्दाच्यानं ते झालं नाही. "दिसली होती," ती म्हणाली. "बाळही दिसलं होतं."

आत्यानं तिच्याकडे बघितलं. रागावून नाही. अनोळखी माणसाकडे बघतो ना आपण, गर्दीत, हे कोण असेल बरं म्हणून, तसं. मग तिनं पर्समधून रुमाल काढला, कासिल्दाच्या ओठावरचं रक्त पुसलं, आणि रुमाल तिच्याच हातात दिला.

"सोमवारी तूच ये माझ्याबरोबर. भावाला नको. पण ऐक. मला आत नेताना कोणी विचारलं, एकत्र का, तर नाही म्हणायचं. आणि बाहेर बसशील तेव्हा कोणीही येऊन काहीही विचारू दे, तू तोंड उघडायचं नाहीस. माझं काय व्हायचं ते होऊ दे. शब्द दे मला."

कासिल्दानं शब्द द्यायला तोंड उघडलं. आणि उघडल्याबरोबर मिटलं. आतून काय निघेल, याची तिला पहिल्यांदाच खात्री वाटेना.